मीठ कोणाचेही असो

ब्राह्मणपुरी, तालुका शहादे
आश्विन शुद्ध पंचमी, शके १८५८

चिरंजीव हिलाल यास मोठमाय धनुबाईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे खाऊनपिऊन आहोत, आणि तू पुण्याच्या खाणावळीत पोटभर जेवतोस अशी मी समजूत करून घेतली आहे. कापूस वेचणीला आला. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. तुझे पत्र पोचले. चार ओळी होत्या. मी कागद उलटा करून बघायला लावला, मागे काही नव्हते.

हे पत्र उखा मास्तर लिहीत आहेत. मी बोलेन तसेच उतरवायचे, असे त्यांना बजावले आहे.

दुसरे पत्रही पोचले. ते माझे नव्हते. प्रकाशा गावची दिवलीबाई बाजाराला जाताना ओसरीवर ठेवून गेली. म्हणाली, "कौसामायनी धाडेल शे. मास्तरकडथीन वाची ल्या." बापाच्या आईला चार ओळी आणि आईच्या आईला तू सहा पाने लिहितोस, हे मला त्या दिवशी कळले. तिला वाचता येते, मान्य. नवरा शाळेत मास्तर होता, त्यात तिचे काय कर्तृत्व? मला वाचता येत नाही, पण ऐकता येते. दोन्ही कान शाबूत आहेत.

मास्तरांनी सहा पाने दोनदा वाचली. अणूच्या पोटात पायऱ्या असतात. तापला की इलेक्ट्रॉन नावाचा कण वरच्या पायरीवर उडी घेतो, तिथे टिकत नाही, खाली येतो आणि येताना उजेड टाकतो. जेवढी उडी, तसा रंग. मधे कुठे त्याला उभे राहता येत नाही. हायड्रोजनच्या उजेडात तांबडी, निळसर, जांभळी अशा रेघा दिसतात, त्या सगळ्या दुसऱ्या पायरीवर उतरणाऱ्या उड्यांच्या. पहिल्या पायरीवर उतरणाऱ्या उड्या सर्वांत मोठ्या, पण त्यांचा उजेड डोळ्यांना दिसत नाही.

मी म्हटले, "मास्तर, मंग मी पहिली पायरी शे, असं समजू का?" मास्तर हसले. हसू देत.

मग मिठाचे आले. मीठ जाळले की ज्वाळा पिवळीच होते. तुमच्या कॉलेजातल्या यंत्रातून पाहिले तर शेजारी शेजारी दोन पिवळ्या रेघा, मीठ कोणाचेही असो. आणि त्याखाली तू लिहिलेस, "हे मोठमायला सांगू नका. तिला वाईट वाटेल."

माझ्यापासून लपवायचे असे काही तुम्हा दोघांत आहे, हेच जास्त लागले. आणि बघ, तिने तरी लपवले का?

तू लहानपणी प्रकाशाहून परत आलास की मी मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकायची. ज्वाळा पिवळी भडकायची आणि मी घरादाराला दाखवायची, बघा, कौसाबाईची नजर! तीनदा असे झाल्यावर तुझे जाणे बंद केले. ती चालत आली. दारात उभी राहून म्हणाली, "इहीणबाई, येक रात ऱ्हाऊ द्या. मन्ही लेकना पोऱ्या शे तो." तिची लेक, तुझी आई, जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. मी तिला पाणी दिले. पोर दिले नाही.

मास्तरांना मी सांगितले की परवा कोणावरूनही न ओवाळता चिमूटभर मीठ टाकून पाहिले, तेव्हा खरे काय ते कळले. ते खोटे आहे. मास्तर, थांबू नका, लिहा. परवा मी काही टाकले नाही. गरज नव्हती. तुझ्या लहानपणीच, तुझे तिकडे जाणे बंद करून वर्ष झाले होते, तू महिनाभर तापाने अंथरुणात होतास. तेव्हाही मी ओवाळले. ज्वाळा तशीच पिवळी. कण आणि पायऱ्या मला कुठून कळणार, पण ती बाई निर्दोष आहे एवढे त्याच दिवशी कळले. मी गप्प बसले. तू तिच्याकडून आलास की आठ दिवस तिच्यासारखा हसायचास. मला ते सोसायचे नाही. अजूनही सोसत नाही.

दिवाळीला आधी प्रकाशाला उतर. हे पत्र तिला वाचून दाखव, माझ्या तोंडाने ते होणार नाही. मग इकडे ये. तिथे किती दिवस राहिलास ते मात्र सांगू नकोस. मी मोजत बसेन.

तुला तिच्यापासून अडवून ठेवणारी,
तुझी मोठमाय
धनुबाई