कोरांटीचं पहिलं वर्ष

नाना,

गेल्या आठवड्यात एक बाई माझ्या नर्सरीत आल्या आणि माझ्यावरच उखडल्या. मागच्या पावसाळ्यात त्यांनी माझ्याकडून पिवळ्या कोरांटीची रोपं नेली होती, बंगल्याच्या कुंपणाला लावायला. उन्हाळ्यात सगळी जळाली. म्हणे तुम्हीच सांगितलंत, हिला पाणी लागत नाही. मी असं जन्मात सांगणार नाही. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला घसा कोरडा पडेपर्यंत सांगते की कोरांटी चिवट आहे, पण ती मोठी झाल्यावर. पहिल्या वर्षी तिचं मूळ वितभरही खाली गेलेलं नसतं, तोवर तिला गुलाबाइतकंच बघावं लागतं. लोक त्यातला 'चिवट' एवढाच शब्द घरी घेऊन जातात. बाईंना मी दुसरी रोपं दिली, पुन्हा सगळं समजावलं, त्या निवळल्या, चहासुद्धा घेतला. त्या गेल्यावर मात्र मला राग आला, आणि तो त्यांचा नव्हता, तुमचा होता. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण राग असा आला की तुम्ही समोर असता तर मी पहिल्यांदा तोंड वर करून बोलले असते.

कारण हे मला तुम्हीच शिकवलंत. नाशिकजवळच्या कॅम्पातली आपली नर्सरी मला अजून बोट ठेवून दाखवता येईल. दारात गुलाबाच्या कुंड्या, मिलिटरीवाल्यांच्या बायका घेऊन जायच्या आणि बदली झाली की तशाच क्वार्टरच्या पायरीवर सोडून जायच्या. मग तुम्ही सायकलवर जाऊन त्या परत आणायचात आणि मेल्या गुलाबाला जिवंत करायचात. आणि मागच्या बाजूला, ओढ्याकडे, कोरांटीचं कुंपण. ती कोणी विकत घेत नव्हतं. काटे असतात, बकऱ्या शिरत नाहीत, तारेचा खर्च वाचतो, एवढाच तिचा उपयोग. दाढ दुखली की तिची पानं चावायची. दिवाळीनंतर ती अंगभर पिवळी व्हायची आणि तुम्ही तिच्याकडे ढुंकूनही बघायचा नाहीत. पण कुंपणात कुठे फट पडली की पावसाळ्यात जुन्या झाडाच्या पेन्सिलीएवढ्या काड्या तोडून पिशव्यांत लावायचात, फुटल्या की त्या फटीत बसवायचात, आणि मग अख्खा उन्हाळा, भर दुपारी डोक्याला टॉवेल गुंडाळून, त्या चार काड्यांच्या बुडाशी पालापाचोळा सारून झारीनं पाणी घालायचात. मी विचारलं तेव्हा म्हणालात, "पहिल्या वर्षी हातानं, दुसऱ्या वर्षी नजरेनं. तिसऱ्या वर्षी इसरून जायचं." तुम्ही असं काही शिकवलंत की ते माणूस विसरत नाही. मी आजही तेच करते. फुलं सरली की गुडघ्याएवढी छाटते, पाणी साचेल अशा जागी लावत नाही, आणि पहिल्या उन्हाळ्यात तिच्याजवळ रोज वाकते.

आई गेली तेव्हा मी तिसरीत होते आणि भाऊ अजून बोबडं बोलत होता. त्याला दूध, त्याला खोकल्याचं औषध, त्याला शाळेत सोडायला सायकलच्या दांडीवर टॉवेलची घडी. मला कोणी काही म्हणून त्रास दिला नाही, तेही खरं. फक्त कोणी विचारलं नाही. एकदा उन्हाळ्यात त्या मोठ्या कुंपणाची मला दया आली. पानं पार गळलेली, नुसत्या काटक्या. मी नळी लावून सगळ्या कुंपणाला पाणी घातलं, खूप वेळ, चिखल होईपर्यंत. तुम्ही बाजारातून आलात आणि हातातली नळी ओढून घेतलीत. मुळं कुजतील तिची, म्हणालात, ती काय गुलाब आहे का. मग पाहुणी आलेल्या आत्याकडे वळून, हसून, म्हणालात, "आमच्या पोरीचं अन् हिचं सारखंच. दोघींना काय लागत नाय." आत्या हसली. आणि नाना, मीपण हसले. मला ते कौतुक वाटलं. मी ते कितीतरी वर्षं बिल्ल्यासारखं छातीवर लावून फिरले. ताप आला तर सांगायचं नाही, चप्पल तुटली तर टाचणीनं जोडायची, बारावीनंतर शिकायचं होतं ते बोलायचंच नाही. मी कोरांटी ना! भावाला पुण्याला पाठवलंत, त्याचं शिक्षण अर्ध्यावर सुटलं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मला देवळ्याला दिलीत, कांद्याच्या घरात, तिथे सकाळ संध्याकाळ कांदाच निवडला, त्याबद्दलही म्हणणं नाही. माणसं वाईट नव्हती.

म्हणणं आहे ते त्या एका दुपारबद्दल. मला सातवा लागला होता. सासूबाईंनी डोहाळजेवण केलं, तुम्ही बसनं आलात, साडी आणलीत, गुलाबाची दोन रोपं आणलीत. माझ्या सासूबाईंनी माझं सगळं आवरून ठेवायला सांगितलं होतं, कारण पहिलं बाळंतपण माहेरी, त्यात विचारायचं काय असतं? जेवणं झाली, तुम्ही ओट्यावर चहा घेत बसलात, मी आतल्या दाराशी उभी. सासूबाईंनी विचारलं, कधी नेता पोरीला? तुम्ही बशीतला चहा संपवलात आणि म्हणालात, "घरात बाईमाणूस नाय. तुम्हीच बघा. आमच्या पोरीला तसं काय लागत नाय." सासूबाईंनी तुमची बशी उचलली. त्या बाईचा स्वभाव तिखट, पण तेव्हा त्यांनीही माझ्याकडे बघायचं टाळलं. संध्याकाळच्या बसनं तुम्ही गेलात. पुढे वर्षानुवर्षं काही बिनसलं की त्यांच्या तोंडी एकच यायचं, बापानं नेली नाय ही. 

बरं, नव्हतं घरात बाईमाणूस, मान्य. मग भावाचं लग्न झाल्यावर वहिनीच्या वेळी कुठून आलं? तिची आई आजारी, म्हणून तिचं बाळंतपण आपल्याकडे झालं. तुम्ही मालिशवाली लावलीत, अळिवाचे लाडू सांगितलेत, बाळंतिणीच्या खोलीला वारा लागू नये म्हणून स्वतः उभं राहून खिडकीला पोतं ठोकलंत. मी बारशाला आले होते, माझी दीड वर्षांची पोर कडेवर घेऊन. ते पोतं बघितलं. वहिनीचा दोष नाही, तिला मिळालं ते बरंच झालं. पण म्हणजे तुम्हाला येत होतं सगळं. माणूस अडाणी असता तर मी सोडून दिलं असतं, पुरुषमाणूस, त्याला काय कळतं, असं म्हणून. तुम्हाला तर काडीच्या मुळाची लांबी माती न उकरता कळायची.

शेवटी तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा निरोप मलाच आला. उजवी बाजू गेलेली, वहिनी दमलेली. अशी मी माहेरपणाला आले, नाना, तुमचं भांडं उचलायला. आले आणि राहिले, कोणाला वर तोंड करून बोलले नाही. एका दुपारी मी तुमची नखं कापत होते. तुम्ही बराच वेळ माझ्याकडे बघत होतात. मला वाटलं, आता. आता काहीतरी म्हणतील. जीभ जड झालेली, शब्द सावकाश जुळवत तुम्ही म्हणालात, "तुझी मला काळजी नाय. तुला काय लागत नाय." आणि तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. माया होती ती, मला कळतं, मी काही दगड नाही. त्यानंच तर जास्त लागलं. मी उरलेली नखं कापली आणि मागे ओढ्याकडे जाऊन उभी राहिले. महिनाभरात तुम्ही गेलात. तुमचं तेरावं झाल्यावर मी त्या कुंपणाच्या काड्या तोडून देवळ्याला आणल्या, माझी नर्सरी तिथूनच सुरू झाली. आता ओढ्याकाठी लग्नाचं लॉन आहे आणि कडेनं प्लॅस्टिकचं गवत.

हे सगळं आत्ताच का उकरतेय ते सांगते. ती दीड वर्षांची पोर आता पुण्यात नोकरी करते आणि तिला सातवा लागलाय. मी फोन केला, कधी येतेस म्हणून. तर म्हणते, "आई, पाऊस पडला की तुझा सीझन. तू नको धावपळ करू, आम्ही बघतो इथेच. मला काही लागत नाही गं." तिनं तुम्हाला धड बघितलेलंही नाही, आणि तुमचं वाक्य तिच्या तोंडात! माझ्या घरात राहून शिकली, दुसरं काय. मी अशी काही ओरडले की जावयानं फोन घेतला. दुसऱ्या दिवशी नर्सरीला कुलूप लावलं, पुण्याला गेले आणि तिला घेऊन आले. आता ती इथे आहे, आतल्या खोलीत झोपलीय. तिला मागता येत नाही. काय खाशील विचारलं तर म्हणते काहीही चालेल. मी म्हटलं काहीही नावाचा पदार्थ मला येत नाही, नाव घे. तोंड वाकडं करून बसली, आणि मग अगदी हळू, चोरी केल्यासारखी म्हणाली, कैरीची डाळ. मी केली. दोनदा वाढून घेतली. जेवताना रडायला लागली आणि का ते तिलाही सांगता येईना. 

हे पत्र मी तुमच्या फोटोपुढेही ठेवणार नाही. फोटो भावाकडे आहे, आणि तो वाचेल, आणि त्याला उगाच वाईट वाटेल. त्याचा काय गुन्हा? बियांच्या डब्यात ठेवीन, नाहीतर फाडीन.

एक मात्र सांगायचं राहिलं. काल तिची बॅग मी रिकामी केली, कपाटात तिचे कपडे लावले. डोहाळजेवणाच्या त्या दिवशी माहेरी यायला भरलेली माझी पिशवी तशीच राहिली, नाना. तुमची बस गेल्यावर मी ती पलंगाखाली सारली. दोन लुगडी, बाळाची दुपटी, टोपरं. नवऱ्याला सांगितलं की जुने कपडे आहेत. दुपारची नाशिकहून येणारी बस देवळ्यात आली की मी ओट्यावर काहीतरी निवडायला बसायचे, आठवा लागला तरी, नववा लागला तरी. कळा सुरू झाल्या तेव्हा सुईण म्हणाली, दुपटी कुठे आहेत, आणि मी पलंगाखाली बोट दाखवलं.