लाल होणाऱ्या सुनेचा शोध

९ नोव्हेंबर २००३, रविवार. वरठी.
आजपासून रोजनिशी. हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरीच राहतात, वाया कशाला घालवायची.
संकल्प दोन. एक, कैलाशचं लग्न येत्या उन्हाळ्यात. दोन, तोपर्यंत माझं इंग्रजी पक्कं. आजकालच्या मुली बी.ए., बी.कॉम. असतात. सून इंग्रजीत पुटपुटली आणि सासूला कळलं नाही, हे या घरात चालणार नाही. मी एकाहत्तरची मॅट्रिक. तेव्हाची मॅट्रिक म्हणजे आताचं एम.ए.
पलीकडच्या तेजरामजींची रीना इंग्रजीत एम.ए. आहे. पण ते आताचं.

११ नोव्हेंबर
रीनाने वाचायला कादंबरी आणून दिली. जुनी, पुढची पानं गेलेली, त्यामुळे नाव माहीत नाही. फुकट मिळाल्यावर नाव काय करायचं. तिला चहा दिला, निळ्या दांड्याच्या कपात. तो कप तिच्याचसाठी आहे. खिडकीत वेगळा ठेवते. त्यांचं घर बौद्ध, आमच्याकडे देवी, पण मी असलं काही मानत नाही. सुंदर दांड्याचा कप पाहुण्याला द्यावा, एवढंच.
तेवढ्यात कैलाश पोलादाच्या प्लांटमधून आला. कान लाल. भट्टीची धग लागली असणार. हे म्हणाले, तो तर स्टोअरमधी रजिस्टर लिहिते, त्याले कुठची भट्टी. ह्यांना प्लांटचं काय कळतं. जन्मभर तलाठी होते.

१६ नोव्हेंबर, दुपार
इंग्रजांचं गुपित हाती लागलं. शब्द एकच: ब्लश. म्हणजे चेहरा लाल होणे. या पुस्तकात लोक पानोपानी लाल होऊन राहिले आहेत. मेम लाल होते. मेमची मावशी लाल होते. पाद्रीसाहेबाला आणखी एक बिस्किट घ्या म्हटलं तर तोही लाल. पुरुष माणूस! आणि लेखक ते मोजतो, गालापर्यंत, कानापर्यंत, केसांच्या मुळापर्यंत. आपल्याकडे वैनगंगेचा पूर मोजतात तसं.
एकदा लाल झालं की विषय संपला. होय का नाही, कोणी विचारत नाही. ना मध्यस्थ, ना पत्रिका, ना महाराजांची दक्षिणा. किती काटकसरी समाज. उगाच राज्य केलं नाही.

२० नोव्हेंबर
सकाळी देवीपुढे नारळ ठेवून बोलले: कैलाश आणि मुलगी माझ्यादेखत समोरासमोर येतील, आणि जिथे दोघांचेही चेहरे लाल होतील, तिथेच साक्षगंध करून लग्न पक्कं करीन. पत्रिका बघणार नाही, नाही म्हणणार नाही. हे पेपर वाचत होते, ते साक्षीदार.
संध्याकाळी रीनालाही सांगितलं. तिला ठसका लागला. थंडी सुरू झाली आहे.

२३ नोव्हेंबर
एसटीने लाखांदूरला जाऊन आलो. मुलगी टीना. बी.कॉम., सावळी, नीटस. मी अगदी शेजारी बसून चेहरा पाहत होते. लाल नाही. उलट तिनेच कैलाशला विचारलं, तुम्हाले ओव्हरटाइम भेटते का. शेवटी तिच्या आईने मला विचारलं, बाई, तुमच्या चष्म्याचा नंबर वाढला का.
नापास.
परतीच्या एसटीत हे म्हणाले, आपल्या इकडची पोरगी लाल झाली तरी दिसन कोणाले व? त्या मेमा पांढऱ्या, म्हणून तिकडच्या लेखकाले दिसते. आपल्या लेखकानं काय लिहाव, वांगं अजून जांभळं झालं म्हणून?
मी खिडकीबाहेर पाहिलं. धान कापून झाले आहेत.

२५ नोव्हेंबर
ह्यांचं वांगं रीनाला सांगितलं. ती पोटभर हसली. म्हणाली, काकू, बरोबरच आहे त्यांचं. मराठीत आपण लिहितो, कान गरम झाले, मान खाली गेली. आपली लाज आपल्याला आतून समजते. इंग्रजीत ती समोरच्याला दिसते, म्हणून तिथे पाहणारा लागतो.
एम.ए. केलं की असं बोलता येतं. मी मान डोलावली. मला आधीच माहीत होतं.

७ डिसेंबर
सापडली! गोसीखुर्दच्या धरणात गाव गेलेल्यांच्या नव्या वस्तीत. मुलगी चहाचा ट्रे घेऊन आली आणि दोन्ही गाल लाल, असे लाल की पुस्तकातही नाहीत. कैलाशचा चेहरा कोराच होता, पण निम्मं तर जुळलं. मी पिशवीतून नारळ काढला.
इतक्यात तिच्या आईने लेकीचा घाम पदराने पुसला. एक गाल पदरावर आला. भाऊ झाडीपट्टीच्या नाटकात काम करतो, रंगाचा डबा त्याचा होता.
नारळ परत आणला. चटणी चांगली झाली.

१४ डिसेंबर
पुस्तकात नवीनच निघालं. म्हातारी मावशी मेमला म्हणते, तुझ्यासाठी मी ब्लश होते. रीनाने समजावलं: आपल्या माणसाने लाज वाटावी असं काही केलं आणि त्याला स्वतःला काहीच वाटलं नाही, तर त्याच्या वाटची लाज आपल्याला वाटते.
मी म्हटलं, दुसऱ्याच्या वाटचं लाल व्हायला कोण रिकामं बसलंय? रीना हातातल्या कपाकडे पाहत म्हणाली, होते काकू, कधी कधी. कैलाश अर्धा चहा तसाच टाकून उठून गेला. दूध महाग झालंय आणि याला किंमत नाही.

२१ डिसेंबर, रविवार
अक्षर वाकडं येतंय. थंडीने.
रीना पुस्तक कुठवर आलं ते विचारायला आली. हे आणि कैलाश बसलेले होते. मी चहा आणला. आम्हाला पांढरे कप, तिला निळ्या दांड्याचा. सहज वर पाहिलं. कैलाशचे कान लाल, मान लाल. रीनाकडे पाहिलं. एवढे दिवस मी तिच्या हातातलं पुस्तकच पाहत आले. तिचेही गाल लाल, नाकाचा शेंडा लाल.
हे म्हणाले, पाह्य व, झाले ना लाल. मी म्हटलं, भट्टीची धग. हे म्हणाले, आज सुट्टी आहे. मी म्हटलं, मग थंडी.
तेव्हा कैलाश बोलला. माय, मी अन् रीना लग्न करणार आहो. दोन वर्षं झाले ठरवून. पण आता लाल झालो ते तिले पाहून नाही. तुह्या त्या कपाले पाहून. दर वेळी होतो.
मला लगेच मुद्दा सुचला. मी म्हटलं, मग हे मोजायचं नाही, नवस प्रेमाच्या लालीचा होता. हे म्हणाले, देवीले कारण कुठी सांगतलं होतं तूनं? लाल म्हटलं होतं, लाल झाले.
रीनाने कप खाली ठेवला. म्हणाली, काकू, नवस फेडायला म्हणून मला नका आणू. मनातून वाटलं तर सांगा. आणि गेली. चहा तसाच.

२५ डिसेंबर
कैलाश प्लांटच्या कँटीनमध्ये जेवतो. भाजी उरते. रीना येत नाही. मेमचं लग्न अडकलं आहे, पुढच्या पानाचा अर्थ एकटीला लागत नाही.
ह्यांनी टोमणे मारणं सोडलं आहे. त्याने जास्त त्रास होतो.

२८ डिसेंबर, रविवार
पुस्तक परत करायला म्हणून तेजरामजींकडे गेले. फक्त पुस्तक परत करायला. हे उगाच बरोबर आले. वीस वर्षांची ओळख, पण त्यांच्या घरात बसले आजच. घरून एक इंग्रजी वाक्य पाठ करून नेलं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच: रीना आमच्या घरी द्या. मनातून म्हणते.
तेजरामजी ह्यांच्याकडे पाहू लागले. कैलाश तिथे आधीच बसलेला होता, खुर्चीची सवय असल्यासारखा. रीना उठली. आत जाऊन चहा ठेवला.
रीनाच्या आईने, विमलाबाईंनी, ट्रे आणला. सगळे कप एकसारखे, फुलाफुलांचे. मी माझा कुठला ते शोधत होते. खिडकीतही पाहून घेतलं. खिडकीत काही नव्हतं. विमलाबाई म्हणाल्या, घ्या ना बाई, कोणताही घ्या.
घेतला. रीना माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती. मग विमलाबाईही पाहू लागल्या, आणि विचारलं, काय झालं, बरं नाही का.
मी म्हटलं, चहा फार गरम आहे.
हे म्हणाले, अजून प्यायली कुठी व तू.