कोणाचं खरं लिहू?

४ मार्च १९८६, धुळे

लिहिलं! ह्यांनी फॉर्ममध्ये ‘होय’ लिहिलं!

संरक्षण खात्याच्या कारखान्यात फिटर म्हणून निवड झालीय, पण पोलिसांची चौकशी झाल्याशिवाय रुजू करून घेत नाहीत. त्यासाठीचा फॉर्म. ‘आपणास कधी अटक झाली आहे काय?’ हे बराच वेळ पेन धरून बसले. मग ‘होय’. खाली सगळं सविस्तर — ऐंशी सालचा पोळा, दारू पिऊन दंगा, रात्रभर कोठडी, कोर्टात दंड. मला वाचून दाखवलं. ‘बरोबर ना गं?’

मी ‘हो’ म्हटलं आणि दूध उतू जातंय असं दाखवून उठले. चुलीवर दूध नव्हतंच.

एवढंच राहिलं त्यात — तक्रार कोणी केली. तेवढं फॉर्म विचारत नाही.

५ मार्च

ह्यांच्या वर्कशॉपातले बन्सीलाल येऊन गेले. ‘रुपचंद, येडा आहेस का तू? कोण बघतंय जुनं? फाड आणि नवा भर.’ हे म्हणाले, ‘लपवून नोकरी लागली, तर दारात पोलीस टोपीवाला दिसला की रोज छातीत धडधड. त्यापेक्षा नाही लागली तरी चालेल.’

मला तर टोपीवाला न दिसताही धडधडतं.

९ मार्च

फॉर्म रजिस्टरने गेला.

आज लिहूनच टाकते. त्या दिवशी पोळा होता. हे प्यायलेले. सुमनला, एवढ्याशा पोरीला, ओट्यावर ठेवून कडी लावली आणि मला आत बडवलं. पोरगी बाहेर रडून रडून निळी पडली. कडी निघाली तशी मी तिला कडेवर घेतलं आणि सरळ पोलीस ठाण्यात गेले. चप्पलसुद्धा घातली नव्हती.

दुसऱ्या दिवशी हे सुटून आले आणि म्हणाले, ‘झुलालनेच केलं हे.’ झुलालभाऊ म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, नरडाण्याजवळ शेती करतात. त्यांनी सणाच्या सकाळी येऊन दम दिला होता — ‘आते पी ऊना ना, तर पोलिसमा दी टाकसू!’ म्हणून ह्यांना तसं वाटलं. मी भाकरी थापत होते. थापतच राहिले.

त्यानंतर ह्यांनी दारूला हात लावला नाही. आणि भावाशीही बोलले नाहीत. सासूबाई गेल्या तेव्हा दहाव्याला दोघं दोन टोकांना बसलेले. मधे मी, वाढत होते!

१७ एप्रिल

हे कामावर, आणि साध्या कपड्यातला माणूस दारात. ‘हवालदार कौतिक. रुपचंदच्या चौकशीला आलोय.’ शेजारच्या कुंदाबाई लगेच ओट्यावर तांदूळ निवडायला बसल्या.

‘पितात?’

‘नाही हो! कधीच नाही.’

‘कधी अटक वगैरे?’

‘आमच्या घरात असलं काही नाही, साहेब. तुमची काहीतरी चूक होतेय.’

का म्हणाले मी तसं? ह्यांनी ‘होय’ लिहिलंय हे ठाऊक असून! कुंदाबाई ऐकत होत्या म्हणून? का ‘होय’ म्हटलं तर पुढचा प्रश्न येईल म्हणून?

हवालदारांनी कागदावर लिहून घेतलं. मग पेनचं टोपण लावून हळू आवाजात म्हणाले, ‘बाई, ते म्हणतात झालं, तुम्ही म्हणता नाही. कोणाचं खरं लिहू? आणि मला फसवता? त्या रात्री ठाण्यात ड्यूटीला मीच होतो. तुमच्या कडेवर पोरगी होती. तुम्हाला बसायला बाकडं मी सरकवलं.’



‘माणूस खरं सांगतोय आणि बायको त्याला खोटं पाडतेय. वरच्यांना काय वाटेल? दोघं आमच्या ऑफिसात या. जबाब परत द्या.’

दोघं! म्हणजे ह्यांच्यासमोर.

१८ एप्रिल

नाही सांगवलं. हे विचारत होते, ‘चौकशीला कोणी आलं का गं?’ मी म्हटलं, अजून नाही. आणखी एक खोटं.

२० एप्रिल

सांगितलं. दुपारी हे सायकलची चेन काढून बसले होते. आधी हवालदार आल्याचं सांगितलं, मग मी काय बोलले ते, आणि मग ते — ‘पोलिसात झुलालभाऊ नाही गेले. मी गेले होते.’

हे मान खाली घालून चेन पुसत राहिले. मग चिंधी ठेवली, हात धुतले, सदरा घातला आणि गेले. कुठे म्हणून विचारायची माझी छाती झाली नाही.

२१ एप्रिल

आले नाहीत. मी दारूच्या गुत्त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन मागे फिरले.

२२ एप्रिल

सकाळी आले. मी ताट वाढायच्या निमित्ताने जवळ गेले आणि वास घेतला. काही नव्हतं. वास घेतल्याची लाज वाटली. त्यांना कळलं ते. म्हणाले, ‘घे, नीट घे.’

नरडाण्याला गेले होते. एसटीतून उतरले, भावाच्या मळ्यापर्यंत गेले, बांधावरून परत. आत पाऊल टाकवलं नाही. दोन्ही रात्री स्टँडवर काढल्या.

मग म्हणाले, ‘मला तेव्हाच माहीत होतं, वच्छला. कोर्टातल्या शिपायाने सांगितलं होतं.’

मी विचारलं, ‘मग झुलालभाऊंना का बोल लावलात?’

‘तुझ्यावर राग धरला असता तर ह्या घरात कसा राहिलो असतो? रोज तुझ्या हातचं जेवायचं आणि रोज आठवायचं, हिने मला आत घातलं. राग तर होताच ना. कुठेतरी टाकायला पाहिजे होता. त्याच्यावर टाकला. तो लांब होता.’

मी सहा वर्षं समजत होते, पाप माझं एकटीचं. आज त्याला वाटेकरी मिळाला आणि हलकं काही वाटेना! आम्ही दोघांनी मिळून एका माणसाला खाल्लं.

२४ एप्रिल

जबाब दिला. सगळं बोलले. मार, कडी, सुमन, सगळं. हे शेजारी बसून ऐकत होते. हवालदारांनी विचारलं, ‘ह्यातलं काही खोटं आहे?’ हे म्हणाले, ‘कमी सांगतेय ती.’

माझा पहिला जबाब मात्र काढता येत नाही. दोन्ही वर जाणार. ‘माझ्या हातात एवढंच,’ हवालदार म्हणाले.

नोकरी गेली तर ती माझ्या तोंडाने गेली.

११ मे

आखाजीच्या सणाच्या तोंडावर दोघं नरडाण्याला गेलो. झुलालभाऊ मळ्यात खाटेवर बसलेले. केस केवढे पिकलेत! ह्यांनी उभ्यानेच सांगितलं. तक्रार कोणी केली, ते कधीपासून माहीत होतं, सगळं. मी पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले.

‘माय गई,’ म्हणाले ते. ‘तवय बी तू मनासंगे बोलना नही. आते काय सांगाले ऊनात?’

टोपी घातली आणि पिकाला पाण्याचं बारं धरायला निघून गेले. जाऊबाईंनी चहा दिला. गाडीत हे खिडकीकडे तोंड करून बसले. सोनगीर येईपर्यंत डोळे पुसत होते.

झुलालभाऊ रागावले असते, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१९ जून

पत्र आलं. रुजू व्हायचंय, एक तारखेला. विश्वासच बसेना!

हे पेढे घेऊन कौतिक हवालदारांकडे गेले. त्यांनी पेढा हातात धरला आणि म्हणाले, ‘मला नाही, भावाला द्या. तुमच्या बायकोच्या दोन जबाबांवर वरून विचारणा आली होती. मी भावाचा जबाब दाखवला. गावाकडची चौकशी मी आधीच उरकली होती, तुमच्या घरी यायच्या आधी. त्यात तुमच्या भावाने सांगितलंय — आमनं बोलनं नही. पन मना भाऊ सहा वरीसपाईन दारूले शिवेल नही. मी नजर ठेवी व्हतो. लिखी ल्या.’

म्हणजे आम्ही जायच्या कितीतरी आधी! अजून आमच्या खोट्याचा बट्टा डोक्यावर असताना. आणि त्या दिवशी मळ्यात अवाक्षर बोलले नाहीत.

हे घरी येऊन सांगता सांगताच नरडाण्याला जायला उठलेत. मी सुमनला घेऊन निघतेय. हवालदार सोडून पत्राचं अजून कोणाला सांगितलेलं नाही. आधी त्यांना.