दहावा सूचक

कांदळवाडी,
४ ऑगस्ट २०१४

ती. दादास, प्रियांकाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुझी गाडी ‘मी बरा, तुम्ही बऱ्या?’ याच्यापुढे जात नाही, म्हणून पत्रच लिहिते. शेजारच्या मुनीरभाईंचा मेहुणा परवा मस्कतला निघालाय, त्याच्या हाती देते.

हसू नकोस. येत्या विधानसभेला मी अपक्ष उभी राहतेय. खाडीवरच्या पुलाचा नारळ तीनदा फुटला, पूल काही झाला नाही. मी निवडून येईन अशी मलाही आशा नाही. पण सभेत पुलाचं नाव तरी घ्यावं लागेल आमदारांना.

अपक्षाच्या अर्जावर याच मतदारसंघातल्या दहा मतदारांच्या सह्या लागतात, सूचक म्हणून. नऊ जण तयार आहेत. दहाव्यासाठी दारोदार फिरतेय. जो तो म्हणतो, मत गुपचूप देऊ बाई, सही मागू नकोस. मत कोणाचं ते कळत नाही, सही मात्र सगळ्यांना दिसते ना! आई तर बोलतच नाही. बाईमाणसाने मोठ्यांशी वैर कशाला घ्यावं, एवढं म्हणाली आणि जपमाळ घेऊन बसली.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
प्रियांका


सीब (ओमान),
२१ ऑगस्ट २०१४

चि. प्रियांकास अनेक आशीर्वाद.

शाब्बास गो! लहानपणी मास्तरांशी भांडायचीस, आता थेट आमदाराशी. दहावा सूचक मी. शोध थांबव.

दिवाळीची रजा सप्टेंबरातच दे म्हणून अर्बाबकडे, म्हणजे इथल्या मालकाकडे, मागितली. लग्न आहे की मयत, त्याने विचारलं. म्हटलं, सही करायची आहे. हसत सुटला. देतो म्हणाला, पण मग दिवाळीला मिळणार नाही.

मवालेहच्या बाजारात दिवसभर कांदा-बटाट्याची पोती उतरवून घेतो, संध्याकाळी खोलीवर. सहा जण राहतो, पण उन्हाळ्याखेरीज बोलायला विषय नाही. परवा इथल्या सुकात, मासळीबाजारात, बांगडे दिसले. घ्यायचे नव्हते, तरी भाव विचारला, तेवढंच चार शब्द बोलणं. फार एकटं वाटतं गो. पैसे सोडून माझ्याकडे गावात कुणाचं काही काम आहे, हे किती वर्षांनी ऐकलं. सगळ्या खोलीला सांगून झालंय.

आईला म्हणावं, रागावू नकोस, पोरगा येतोय.

आठवण ठेव.

तुझा दादा,
दयानंद


कांदळवाडी,
१० सप्टेंबर २०१४

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

रजा घेऊ नकोस. कसं लिहू कळत नाही. कचेरीत मतदारयादी पाहिली, तुझं नाव नाही. पुन्हा पाहिली. आईनंतर एकदम मीच.

घरी येऊन आईला विचारलं. गेल्या वर्षी यादीचे गुरुजी घरात कोण कोण म्हणून विचारायला आले होते. आईने त्यांना चहा दिला आणि तुझी थोरवी गायली. आमचा दयानंद आता इथे कशाला राहील, ओमानला मोठ्या हुद्द्यावर आहे, तिकडेच बस्तान बसवलंय. गुरुजींनी ऐकलं, लिहून घेतलं आणि नाव गेलं. परदेशातल्यांना पासपोर्ट दाखवून नाव घालता येतं म्हणे, पण यंदा तेवढा वेळ नाही.

हे कळल्यावर आई दोन दिवस धड जेवली नाही. काल पदर खोचून म्हणाली, पोराचं नाव मी घालवलं, आता त्याच्या जागी सही मी करणार. अंगठा नको म्हणते, सहीच. बँकेच्या खात्यासाठी तू शिकवलेलीस ना, तीच. आता कॅलेंडरच्या मागे ‘रखमाबाई’ गिरवत बसलीय. तुला जवळ घेऊन रडावंसं वाटतंय रे.

आमच्यावरचा जीव तसाच राहू दे.

तुझी,
प्रियांका


सीब,
२ ऑक्टोबर २०१४

चि. प्रियांकास अनेक आशीर्वाद.

अर्ज छाननीत टिकल्याचं फोनवर कळलं. आईच्या सहीवर बोट ठेवायला कुणाला जागा मिळाली नाही, हे ऐकून खोलीत पेढे वाटले.

अर्बाबला म्हटलं, सप्टेंबरची रजा नको, खलास. दिवाळीची मागितली, तर ती एव्हाना दुसऱ्याने नेलेली. वाईट वाटलं नाही असं नाही. रागही आला. मग वाटलं, आई खोटं काय बोलली? ओमानात मी पाहुणा, गावात यादीबाहेर. राहतो कुठे, ते मलाच सांगता येईना.

आईला यातलं सांगू नकोस. फक्त एवढं शिकवून ठेव. पुन्हा कुणी गुरुजी आले आणि दयानंद कुठे असतो विचारलं, तर तिने हुद्दा सांगू नये. म्हणावं, बाजारात गेलाय, येईल एवढ्यात.

दारात माझ्या चपलांची जागा ठेवा.

तुझा दादा,
दयानंद