बाबांच्या पोटातली जाळी

आचल,

बाबांनी संत्र्यांचं क्रेट उचललं, त्या सकाळी माझं सगळं बदललं. त्यांच्या हर्नियाच्या ऑपरेशनला वीसच दिवस झाले होते. पोटात बसवलेली जाळी अजून पक्की बसली नव्हती. उचलणं माझं काम होतं. मी आपल्या लग्नावरून त्यांच्याशी भांडून अकोल्यात तुझ्या कॉलेजपुढे उभा होतो.

जाळी सरकली, हर्निया परत आला. डॉक्टर चिडले, "घरी पोरगा नव्हता काय?"

बाबा म्हणाले, "तो कॉलेजात शिकून राहिला न साहेब."

मी कॉलेज सोडल्याचं बाबांना ठाऊक होतं.

आज अमरावतीत दुसरं ऑपरेशन आहे. तुझ्या घरी मागणी घालायला आजच येणार होतो, येत नाही. कोणाशी भांडायचं बळ उरलं नाही. हे पत्रही टाकणार नाही, मी आलो नाही म्हणून तू खुशाल रागाव. बाबा रिक्षात बसलेत. दार ओढून घेतो अन् निघतो.

तुझाच,
पवन