आबांच्या भिंतीचा चुना

चिकपेट, बेंगळुरू
४ फेब्रुवारी २०२४

ती. गंगव्वाअक्कास देवाप्पाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, मला ओरडवत नाही, म्हणून लिहितोय. आपल्या आबांनी बांधलेल्या घराची रस्त्याकडची भिंत फुगली. पालिकेची नोटीस आली, दोन महिन्यांत दुरुस्त करा नाहीतर पाडू.

आपली गल्ली आता जुन्या वास्तूंच्या यादीत आहे, म्हणून सिद्धी नावाची पुण्याची आर्किटेक्ट आली. मला वाटलं, फोटो काढून जाईल. ती धुळीत बसून तासभर भिंत ठोकत होती. पोरगी कामाची आहे. म्हणाली, वरून सिमेंट कुणी थापलं? ओल आत कोंडून चुना सडला. मी म्हटलं, काय ठाऊक. दोन दिवसांत काम उरकायला मीच थापलं होतं, तुला माहीत आहे.

तिला चुना आबांसारखाच हवाय. ते त्यात पाणी कसलं घालायचे, लगेच कळव. पाल्हाळ नको. रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझा देवा

आनेकल
१० फेब्रुवारी

चि. देवास अनेक आशीर्वाद.

गूळ आणि ठेचलेला हिरडा. मी ढवळायची, तू गूळ खायचास, तुला कसं ठाऊक असणार? पाणी आंबलं की चुन्यात घालायचं. थापी उलटी करूनही चुना पडला नाही, की सरी, जमलं. माप लिहून कळत नाही, बसनं येते. खुर्ची ठेव, गुडघे दुखतात.

सिमेंटचं त्या पोरीला खरं सांगितलंस का?

घरात सगळ्यांना आशीर्वाद, तुला स्वल्प कमी.

गंगव्वा

चिकपेट
२४ मार्च

ती. अक्कास नमस्कार.

चुना लावून तू गेलीस आणि भिंत सुकली. काल पालिकेचे साहेब आले, हात फिरवून पाहिला, नोटीस मागं घेतली. सगळ्या गल्लीला हाच चुना लावा म्हणाले. शेजारच्या तानूबाईनं आत्ताच हिरडे भिजत घातलेत.

सिद्धीनं पालिकेच्या फॉर्मवर तज्ज्ञ म्हणून तुझं नाव टाकलं. साहेबांनी शिक्षण विचारलं. ती म्हणाली, चौथी. साहेब हसले नाहीत, लिहून घेतलं.

नुकसानीच्या कारणापुढं तिनं ‘ओल’ लिहिलं होतं. मी खोडायला लावलं. म्हटलं, “लिही, देवाप्पाची घाई आणि सिमेंट.” ती म्हणाली, हा कागद गल्लीत लागणार आहे. म्हटलं, लागू दे.

आज सकाळी साडीवाल्या नागराजनं तो वाचला आणि दारात उतरवलेली सिमेंटची पोती परत पाठवली. तुझी खुर्ची त्याच्या भिंतीजवळ ठेवलीय. कधी येतेस?

तुझ्या शिव्यांची सवय असलेला,
देवा