रक्ताची आठवण

४ सप्टेंबर २०१८, मंगळवार

सरहद्दीच्या पुलावर दीड तास! ऊन असं की चपलेतून चटके. खिडकीतल्या शिपायाने विचारलं, "एल पासोला कशाला?" म्हटलं, "खरेदीला." त्याने माझ्या कोपराच्या खळगीकडे पाहिलं. तिथला सुयांचा डाग त्यालाही कळतो, मलाही. "जा," म्हणाला.

पलीकडे, रक्तातला प्लाझ्मा विकत घेणाऱ्या सेंटरात आज तमाशा. माझ्याबरोबर येणाऱ्या केताबाईची प्लाझ्माची बाटली दुधासारखी पांढरी भरली. नेल्डा — सुया टोचणारी पोर, जीभ सुईपेक्षा तिखट — ओरडलीच, "काल मेनुदो चापलंत ना? किती वेळा सांगितलं, आदल्या दिवशी चरबीचा रस्सा नको!" केताबाई म्हणाली, "नातवाचा बाप्तिस्मा होता. मी काय हवा खाऊन राहू?" बाटली गेली कचऱ्यात. सगळ्या खुर्च्या हसत होत्या. मीही हसले.

मग परतताना तिचं नेहमीचं सुरू — "आम्हाला एवढेसे पैसे आणि तुला दुप्पट! तुझ्यात काय सोनं आहे का गं, चायो?" तिला कधीच सांगत नाही. इथे लिहिते.

माझं रक्त निगेटिव्ह, नवऱ्याचं, एफ्राईनचं, पॉझिटिव्ह. पहिलं मूल तिसऱ्या महिन्यात घरीच पडलं. सुईण म्हणाली, "होतं असं, पड जरा." तेव्हा एक इंजेक्शन द्यायचं असतं. कोणी दिलं नाही. त्या एवढ्याशा जिवाचं रक्त माझ्या रक्ताने ओळखलं, वैरी ठरवलं आणि ते वैर धरून ठेवलं. मग मुलगा पोटातच गेला. मग लुसेरो — ती एक दिवस जगली. हळदीसारखी पिवळी. दोघांना माझ्याच रक्ताने मारलं. आणि जे त्यांना मारतं तेच ही माणसं माझ्या प्लाझ्मातून काढून घेतात, त्याचंच ते इंजेक्शन करतात, आणि दुसऱ्या बायकांची मुलं वाचतात. म्हणून दुप्पट.

मेलं असलं कसलं सोनं!

१८ सप्टेंबर

एफ्राईनच्या कारखान्यात जादा पाळी बंद. पगार निम्म्यावर. तो जेवला आणि अंगणात जाऊन बसला. आता घर माझ्या हातावर — म्हणजे खरोखरच हातावर.

२ ऑक्टोबर, मंगळवार

दर महिन्याला ते माझ्या रक्तातली "ती वस्तू" मोजतात. आज नेल्डाने मशीन लावलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "आकडा उतरतोय, सेन्योरा. गेल्या वर्षापासून उतरतोयच. आणखी उतरला तर दुप्पट भाव बंद."

"उतरतो म्हणजे?"

"म्हणजे शेवटच्या बाळंतपणाला सहा वर्षं झाली ना. रक्त विसरतं हळूहळू."

विसरतं!

मला एकदम रडू फुटलं. नाडी अशी धावली की मशीन पिपाण्या वाजवायला लागलं. नेल्डा बिचारी घाबरली, "पैशांचं बघू काहीतरी, रडू नका." तिला वाटलं पैशांसाठी. पैसे गेले खड्ड्यात! त्या तिघांचं माझ्याजवळ आहे काय? फोटो नाही, झबलं नाही — एफ्राईनच्या आईने सगळं वाटून टाकलं, घरात ठेवू नये म्हणून. त्यांना ओळखणारं माझं हे एक दुष्ट रक्त तेवढं होतं. आता तेही विसरणार.

९ ऑक्टोबर

नेल्डाने उपाय सांगितला. आकडा वर न्यायला कंपनी एक डोस देते — कुणा परक्याचं पॉझिटिव्ह रक्त, थोडंसं, शिरेतून. ते पाहिलं की माझं रक्त पुन्हा पेटून उठतं. पण एक अट. जिला अजून मूल होऊ शकतं तिला देत नाहीत, कारण मग होणाऱ्या मुलाची काही धडगत नाही. पाळी जाऊन वर्ष व्हायला हवं, नाहीतर मूल न होण्याच्या ऑपरेशनचा कागद.

केताबाईचे कान लांब, तिने ऐकलंच. पुलावर म्हणाली, "मग कर की! बेचाळीस वर्षांची घोडी झालीस. आता काय होणार आहे तुला? दुकान बंद, पाटी तेवढी लटकवून बसलीये!"

तोंड सुटलेली बाई. पण वाईट मनाची नाही. मी हसण्यावारी नेलं आणि घरी येऊन भांडी आपटली.

१ नोव्हेंबर, गुरुवार

आज लहानग्या मेलेल्यांचा दिवस. दरवर्षी मी एकटी मांडते — झेंडूच्या पाकळ्या, साखरेचं कोकरू, दुधाचे तीन छोटे पेले. एफ्राईन दरवर्षी या दिवशी भावाकडे जातो. आज गेला नाही. दारात उभा राहिला, टोपी हातात घेऊन, पाहुण्यासारखा.

मग म्हणाला, "मधल्याला दूध आवडलं नसतं. माझ्यावर गेला असता. मला आवडत नाही."

सहा वर्षांत पहिल्यांदा बोलला त्यांच्याबद्दल! मी म्हटलं, "मग काय देऊ?" तो आत गेला, चॉकलेटची आतोले — मक्याच्या पिठाची पेज — ढवळली, मधल्या पेल्यातलं दूध मांजरीला घातलं आणि त्यात ओतली. थोडी पाकळ्यांवर सांडली. मग आम्ही दोघं तिथेच जमिनीवर बसून इतके रडलो की शेजारीण भिंतीवर थापा मारायला लागली.

२ नोव्हेंबर

रात्री तो जवळ आला. कितीतरी दिवसांनी. याहून जास्त लिहीत नाही.

११ डिसेंबर, मंगळवार

केताबाईची सून गरोदर. तीही निगेटिव्ह निघाली, माझ्यासारखी. तिला ते इंजेक्शन मिळालं! शेवटी आज मी केताबाईला सगळं सांगून टाकलं — ते कशाचं करतात, माझ्यात कसलं सोनं आहे. ती पुलाच्या मधोमध थांबली. मागचे लोक शिव्या देतायत, हिला पत्ता नाही. माझा हात ओढून कोपराच्या डागाचा मुका घेतला. "कुणी सांगावं पोरी, तुझंच असेल!"

मी "हो ना" म्हटलं. घरी आले आणि दार लावून घेतलं. मला द्यायला कोणी नव्हतं. तिला मी आहे. हा हेवा आहे, कळतंय मला. असू दे. वहीत तरी हेवा करू दे.

पाळी याही महिन्यात नाही. आईचीही याच वयात गेली होती. संपलं म्हणायचं.

१५ जानेवारी २०१९, मंगळवार

पाळीचं वर्ष भरेपर्यंत थांबायला आम्हाला परवडत नाही. भाडं थकलंय. आज ऑपरेशनची तारीख घेतली — वीस फेब्रुवारी. एफ्राईनला जेवताना सांगितलं. त्याच्या हातातला टॉर्तियाचा घास तसाच राहिला.

"आकडा वर जाईल ना पुन्हा?" त्याने विचारलं.

"जाईल. पण तो परक्याच्या रक्ताचा. आपल्यांचा नाही."

त्याने घास ताटात परत ठेवला. मग म्हणाला, "चायो, मी अजून वाट बघत होतो गं. मूर्खासारखा." आणि ताट घेऊन उठला, स्वतः घासलं.

मला तू ओरडला असतास तर चाललं असतं रे. हे नाही सहन होत.

२९ जानेवारी

गेले नाही. अंगात त्राण नाही, सकाळपासून मळमळ. केताबाईचा निरोप — "मेनुदो चापलंस का?"

५ फेब्रुवारी

गेले. भाव उतरण्याआधीची शेवटची तपासणी म्हणून एक नळी रक्त घेतलं. "आजची बाटली राहू दे, तुमचा रंग बरा नाही," नेल्डा म्हणाली. सुई काढल्यावर त्या डागावर मी उगाच बोट ठेवून बसले. निरोप घ्यावा तसं.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

नेल्डाने खुर्चीवर बसूच दिलं नाही. पडद्यामागे नेलं. "आकडा वाढलाय. कुठून डोस घेतलात का?" नाही म्हटलं. "रक्त चढवलं कुणी?" नाही. मग तिने माझा हात धरला — "पाळी कधी आली होती शेवटची?" आणि स्वतःच्या पैशांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून चाचणीची पट्टी आणली.

आहे. नोव्हेंबरचं. माझ्या आधी माझ्या रक्ताने त्याला ओळखलं, आणि लागलंय कामाला.

"आता रडत बसू नका," नेल्डा स्वतःच रडत म्हणाली. "हल्ली पोटातल्या बाळाला रक्त देतात, नाळेतून. सगळी वाचत नाहीत, पण पुष्कळ वाचतात. मोठ्या इस्पितळात आजच जा. इथे पुन्हा दिसलात तर बघा!"

एफ्राईन गाडी मागायला भावाकडे धावलाय, एका पायात बूट, एका पायात चप्पल. मी दारात बसून लिहितेय. ऑपरेशन रद्द. चौथा पेला मी मांडणार नाही. ऐकतोयस ना देवा? नाही मांडणार!